प्रिंटरमधली गादी

माझ्या धंद्यात एक वाक्य मला फार ऐकावं लागतं. "ताई, तुमी असल्यावर बरोबर चालतंय, तुमी गेल्या की बिघडतंय." बोलणाऱ्याला वाटतं, त्यानं तक्रार सांगितली. मला वाटतं, माझ्यावर आळ घेतला. मी लेबल छापायचे प्रिंटर बसवते आणि दुरुस्त करते. धाराशिवला एका गल्लीत माझं दुकान आहे. म्हणजे एक टेबल, एक खुर्ची आणि मेलेल्या प्रिंटरांचा ढीग. औषधांच्या बाटल्यांवरची, मिठाईच्या खोक्यांवरची, कुरिअरची लेबलं जिल्ह्यात जिथं कुठं तिरकी छापली जातात तिथून मला फोन येतो. लोक आधी प्रिंटरच्या डोक्यावर दोन थापा मारून बघतात, मग मला बोलावतात. थापा मारल्याचं कुणी कबूल करत नाही, पण धुळीत बोटं उमटलेली असतात.

आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीच्या कामाची गोष्ट सांगते. वाशीच्या बाहेर माळावर शेतकऱ्यांनी मिळून काढलेल्या एका कंपनीचं बियाणं केंद्र आहे. सभासदांकडून हरभरा घ्यायचा, चाळायचा, निवडायचा, औषध लावून पिशव्यांत भरायचा आणि पेरणीच्या आधी एका मोठ्या बियाणं कंपनीच्या गोदामात पोचवायचा, एवढं त्यांचं काम. मोठ्या कंपनीची अट अशी होती, की प्रत्येक पिशवीच्या तोंडाला आरएफआयडी लेबल शिवलेलं पाहिजे. दिसायला हे लेबल साधंच असतं, पण त्याच्या पोटात अॅल्युमिनियमची बारीक नक्षी असते आणि नक्षीच्या मधोमध मोहरीहून लहान चिप. गोदामाच्या दारात रीडर बसवलेला असतो. गाडी दारातून आत गेली, की एकही पिशवी न उतरवता सगळ्यांचे नंबर वाचले जातात. वाचले गेले नाहीत, किंवा पिशवीवर एक नंबर आणि चिपमध्ये दुसराच निघाला, तर गाडी दारातूनच माघारी.

लेबलावर नंबर छापायचा आणि तोच नंबर चिपमध्ये लिहायचा, ही दोन्ही कामं प्रिंटर एका दमात करतो. छापण्यात काही विशेष नाही. लिहिण्यात आहे. चिप नेमकी प्रिंटरच्या पोटातल्या अँटेनासमोर आलेली असताना नेमक्या जोरानं लिहावं लागतं. जोर कमी पडला, की चिपला ऐकू जात नाही आणि प्रिंटर त्या लेबलावर आडव्या रेघा मारून ते रद्द करतो. जोर जास्त झाला, की मागच्या लेबलातली चिप ऐकते आणि दुसऱ्याचा नंबर स्वतःला लावून घेते. हजेरीच्या वेळी शेजाऱ्याच्या नावाला 'हजर' म्हणणारी मुलं आमच्या वर्गात होती, त्यातलाच प्रकार. म्हणून नवा रोल लावला, की काही लेबलं मागंपुढं सरकवून ती जागा आणि तो जोर प्रिंटरला शिकवावा लागतो. याला कॅलिब्रेशन म्हणतात. ते चाललेलं असताना मी कुणाशी बोलत नाही. लोकांना वाटतं मला राग आलाय. बऱ्याचदा आलेलाही असतो.

हा प्रिंटर चालवायला शेतकऱ्यांच्या कंपनीनं एका मावशींना बसवलं होतं. मावशी पन्नाशीच्या, दहावी झालेल्या. सासर वाशीचं, माहेर तुळजापूरचं. आधी त्या पिशव्यांची तोंडं शिवायच्या. शिवायची जागा चाळणीच्या अंगालाच; तिथं दिवसभर हरभऱ्याची फोलपटं आणि औषधाची भुकटी हवेत तरंगत असते. दोन हंगाम तिथं काढल्यावर मावशींना दम्यानं धरलं. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, की धुळीत बसणार असाल तर माझ्या गोळ्यांवर पैसे घालवू नका. मावशींना हसायची चोरी झाली होती. हसल्या, की हसण्याचा शेवट खोकल्यात व्हायचा आणि तो लवकर थांबायचा नाही. म्हणून कुणी गमतीचं बोललं, की त्या तोंडाला पदर लावून नुसत्या डोळ्यांनी हसायच्या आणि श्वास धरून बसायच्या.

प्रिंटरची खोली ही त्या केंद्रातली एकुलती एक बंद खोली. काचेची खिडकी, एसी, दाराच्या खालच्या फटीला रबराची पट्टी. हा सगळा थाट प्रिंटरसाठी होता, मावशींसाठी नव्हे. पण हवा काही विचारून नाकात शिरत नाही. त्या खोलीत बसायला लागल्यापासून मावशींचा खोकला उतरला. मी प्रिंटर बसवून महिनाभरानं गेले तेव्हा त्या म्हणाल्या, "ताई, ह्या मशिनीच्या जिवावर म्या श्वास घ्यायले बगा. रातची सुदिक झोप लागायली."

शिकवताना मी सगळ्यांना सांगते तेच त्यांना सांगितलं होतं. चपला बाहेर काढायच्या. मशिनवर कापड झाकायचं. झाकण उघडं ठेवायचं नाही. आत धुळीचा कण जाता कामा नये. रोल बदलताना हात धुवायचे. लोक हे ऐकतात आणि प्रिंटरवर चहाचा कप ठेवतात. मावशींनी मात्र सगळं पाळलं. प्रिंटरला त्यांनी खणाच्या कापडाचं काठ लावलेलं झाकण शिवलं. दारावर 'चपला बाहेर' अशी पाटी लावली. ती पाटी सगळे पाळायचे, एक अध्यक्ष सोडून.

अध्यक्षांना सगळे आण्णा म्हणतात. तालुक्यातले मोठे बागायतदार, आवाज मोठा, चपला त्याहून मोठ्या. आपल्या कंपनीत ते कुठंही चपलांसकट जात. त्यांच्यामागं मावशी ओलं फडकं घेऊन फिरत.

भाद्रपद संपत आला होता. हरभऱ्याच्या पिशव्या भरायची घाई चालली होती, आणि मला मावशींचा फोन आला. "ताई, मशिन येड्यावानी करायली. निम्म्या लेबलावर रेगा मारती." मी धाराशिवहून एसटी पकडली, येरमाळ्याला उतरून जीप केली आणि जेवणाच्या वेळेला वाशीला पोचले. येते आहे असा फोन मी वाटेतूनच केला होता. तेवढी रीत मी पाळते.

मावशी प्रिंटरपासून लांब, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसल्या होत्या. मांडीवर पदराखाली काहीतरी धरलेलं होतं. डबा असेल असं मला वाटलं. मी झाकण उघडलं, छापायचं डोकं पुसलं, रोल काढून लावला आणि कॅलिब्रेशन केलं. एक रेघ नाही. पन्नासेक लेबलं काढली, हातातल्या रीडरनं वाचून बघितली. छापलेला नंबर आणि चिपमधला नंबर, सगळे जुळले.

"तुमी आल्या की ह्ये शानं होतंय," मावशी म्हणाल्या.

मी आळ गिळला आणि परत आले. निघताना एक गोष्ट दिसली होती. प्रिंटरच्या मागच्या भिंतीवर तळहाताएवढी पितळी पत्र्याची तुळजाभवानी खिळ्याला टांगलेली असायची. देवळाच्या रस्त्यावर मिळतात तसली. मावशींनी ती पहिल्याच दिवशी आणून लावली होती. तो खिळा आता रिकामा होता. नवरात्र तोंडावर आलेलं, चिंचेनं घासायला नेली असेल, असं मी मनात म्हटलं.

मी निघाल्यावर मावशींनी काढलेल्या लेबलांच्या पिशव्या घेऊन गाडी गेली. गोदामाच्या दारातून ती परत आली. निम्म्याहून जास्त पिशव्यांवर एक नंबर होता आणि चिपमध्ये शेजारच्या पिशवीचा. आण्णांचा मला फोन आला. त्यांचं बोलणं मी इथं देत नाही. त्याचा सारांश असा, की शिकलेली माणसं आणि त्यांची यंत्रं यांच्यावर आपला कधीच विश्वास नव्हता.

मी पुन्हा गेले. पुन्हा मावशी कोपऱ्यात, मांडीवर पुन्हा तोच डबा, आणि प्रिंटर पुन्हा शहाण्या बाळासारखा. मी रोल बदलला. अर्थिंग तपासलं. एसीच्या पंख्याखाली टेबल येतं म्हणून टेबल सरकवलं. एसीचा याच्याशी काही संबंध नव्हता, पण इतकी तंगडतोड करून आल्यावर काहीतरी सरकवल्याशिवाय परत जाववत नाही. दोनशे लेबलं काढली, एकही वाईट नाही. मी आण्णांना छातीठोकपणे सांगितलं, "आता काही होत नाही."

दुसऱ्या दिवशी मावशींचा फोन आला. आवाज अगदी लहान. "ताई, परत रेगा."

मला प्रिंटरचा राग आला, मावशींचाही आला. सगळ्यात जास्त त्या वाक्याचा आला, कारण ते आता खरं ठरत होतं. मी असले की चालतं, गेले की बिघडतं. असल्या गोष्टीला आमच्याकडे लोक नजर लागली म्हणतात आणि मीठमोहऱ्या ओवाळतात. मी ओवाळायच्या बेतात आले होते.

त्याच संध्याकाळी कळलं, की आण्णांनी निकाल लावला आहे. मोठी कंपनी म्हणाली होती, लेबलं आम्ही आमच्या गोदामात छापून पाठवतो, तुम्ही नुसती शिवा. प्रिंटर आमच्याकडे आणून टाका. आण्णांनी उद्याच टेम्पो सांगितला होता. प्रिंटर गेला, की ती खोली बियाण्याच्या औषधाच्या ड्रमांना मिळणार होती, आणि मावशी परत शिवायला. मावशींनी हे सगळं फोनवर एका दमात सांगितलं आणि मग त्यांना खोकला आला. मी फोन धरून बसले. खोकला थांबल्यावर त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या ताई. तुमी तरी काय करचाल."

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. प्रिंटर बिघडतात, माझ्याकडे त्यांचा ढीग आहे. त्यांच्यासाठी माझं जेवण कधी अडलेलं नाही. पण मी दुरुस्त झाला असं सांगितलेल्या यंत्रापायी एका बाईची श्वास घ्यायची जागा जाणार होती, हे मला सहन होत नव्हतं.

सकाळी मी न कळवताच निघाले. सांगून जाण्यात आता काय राहिलं होतं? वाशीला उतरले आणि केंद्राच्या दारातच मावशी दिसल्या. तोंडाला ओढणीसारखं फडकं बांधून त्या चाळणीच्या अंगाला बसल्या होत्या. परत आलेल्या पिशव्यांची तोंडं उसवून पुन्हा शिवायची होती आणि माणसं कमी होती, म्हणून आण्णांनी त्यांना आदल्या दिवसापासूनच तिथं बसवलं होतं. त्यांची पाठ खोकल्यानं हलत होती. त्यांनी मला बघितलं नाही. मी तशीच प्रिंटरच्या खोलीत गेले.

खणाचं झाकण काढलं, प्रिंटर उघडला.

लेबल बाहेर पडतं त्या तोंडाच्या आत, अँटेनाच्या अगदी खाली, एक रिकामी जागा असते. लेबलं सोलून काढायची असली तर त्यांच्या मागचा मेणकागद तिथं गुंडाळतात. इथं तो कागद गुंडाळत नसत, म्हणून ती जागा रिकामी होती. म्हणजे मला तसं वाटत होतं. तिथं लाल मखमलीची इवलीशी गादी होती. गादीवर उशी. उशीवर डोकं ठेवून पितळी तुळजाभवानी निजलेली होती आणि तिच्या अंगावर गळ्यापर्यंत खणाचा तुकडा पांघरलेला होता.

मी झाकण हलकेच परत लावलं. चुकून कुणी झोपलेल्या खोलीत शिरलं, की माणूस जसं दार लोटून घेतो तसं. मग तिथंच टेबलाला टेकून उभी राहिले आणि एकेक गोष्ट जागेवर बसायला लागली.

तुळजापूरला नवरात्राच्या आधी देवी निद्रेला जाते. देवळात तिला सिंहासनावरून पलंगावर निजवतात आणि घटस्थापनेला परत सिंहासनावर बसवतात. दसऱ्यानंतर पुन्हा कोजागिरीपर्यंत निद्रा, आणि पौषात पुन्हा एकदा. हे जिल्ह्यात सगळ्यांना माहीत आहे. पण भिंतीवरच्या प्रतिमेला कुणी निजवत नाही. निजवणार ते तुळजापूरचं माहेर असलेलं माणूसच. देवळातली देवी निजलेली असताना इथली खिळ्याला लटकून जागी कशी ठेवायची?

मी जाऊन मावशींना बोलावून आणलं. खणाचं झाकण काढलेलं बघून त्या दारातच थबकल्या.

"हात लावला न्हाई न्हवं?" त्यांनी पहिलं हे विचारलं.

"नाही."

त्यांनी हात धुतले, पुढं झाल्या, प्रिंटर उघडून गादीसकट देवी उचलली आणि स्टुलावर बसून मांडीवर पदराखाली घेतली. अगदी तसंच. तो डबा नव्हता तर.

"मी येणार म्हटलं, की तुम्ही हिला बाहेर काढायचात?"

"मग? तुमी एसटीतून येणार, जीपमदून येणार, कशाकशाला हात लागलेला. निजलेल्या देवीजवळ तसा हात घालू द्यायचा व्हय? गादीसकट उचलायचे. जाग येऊ दिली न्हाय एकदाबी."

"आणि मी गेले की परत आत."

"परत आत."

"पण मावशी, प्रिंटरमध्ये का?"

मावशींना माझा प्रश्न कळेना. मग त्या समजावून सांगायला लागल्या, शाळेतल्या बाई समजावतात तसं. "तुमीच म्हणल्या हुता न्हवं? हितं धूळ न्हाय. चपला न्हाय. झाकण बंद. धुतलेल्या हाताबिगर शिवायचं न्हाय. अख्ख्या केंद्रात ह्याच्यापरीस सोवळी जागा कुठली सांगा. कपाटात औषधाच्या बाटल्या. माज्या घरी नातवंडं. आन् आत जागा बी कशी, पलंगावानी. कागदाला धक्का न्हाय लागत तिचा, म्या बगितलं हुतं."

धक्का लागत नव्हता, हे खरं होतं. मी शिकवलेलं त्यांनी कुणाहीपेक्षा चोख पाळलं होतं. मी त्यांना एकच गोष्ट सांगितली नव्हती, कारण ती सांगावी लागेल असं मला वाटलं नव्हतं.

"मावशी, पितळ धातू आहे. अँटेनाजवळ धातू आला, की तिचा आवाज चिपपर्यंत नीट पोचत नाही. मग प्रिंटर जोर वाढवतो आणि भलत्याच चिपला ऐकू जातं."

त्यांनी ऐकून घेतलं, पण डोळ्यांत काही उतरलं नाही. मी प्रिंटर चालू केला. देवी त्यांच्या मांडीवर असताना दहा लेबलं काढली, सगळी चांगली. मग त्यांनी गादी आत ठेवली. पुढच्या दहांत चारांवर रेघा, आणि राहिलेल्या सहांपैकी तिघांत शेजाऱ्याचा नंबर. मी लेबलं त्यांच्यासमोर ओळीनं मांडली. रीडरवर दिसलेला एकेक नंबर त्यांनी लेबलाशी ताडून बघितला, ओठ हलवत.

मग त्या स्टुलावर बसल्या. रडल्या नाहीत. "मशिन बिघडल्यापासून म्या रोज तिला सांगायले," त्या म्हणाल्या. "निजायच्या आदी सांगायले. आई, एवढी जागा ऱ्हाऊ दे माजी. आन् म्याच तिला…"

त्यांनी उठून गादी बाहेर काढली आणि परत मांडीवर घेऊन बसल्या. मी आयुष्यात नवस बोललेला नाही, पण त्या घटकेला त्या गादीकडे बघून मला गलबलून आलं.

तेवढ्यात बाहेर टेम्पो थांबला आणि आण्णा आत आले. चपलांसकट.

"ताई, कशाला तरास घेतला?" आण्णा म्हणाले. "न्यायलाव आता. पॅक करून द्या."

"दुरुस्त झालाय, आण्णा."

"दोनदा झाला हुता की दुरुस्त."

"या वेळी कारण सापडलंय."

"काय कारण?"

अशा वेळी सांगायची कारणं माझ्याकडे तयार असतात. मावशींचं नाव आलं, की त्यांचं काय होणार हे मला दिसत होतं. पेरणीच्या तोंडावरची गाडी जिच्यामुळे परत आली, तिला कोण त्या खोलीत ठेवेल? मी म्हटलं, "व्होल्टेज." व्होल्टेज म्हटलं, की आमच्या जिल्ह्यात कुणी उलटतपासणी करत नाही. ज्याच्या त्याच्या घरी काही ना काही जळालेलं असतं. आण्णांनी मानसुद्धा हलवली.

"व्होल्टेज न्हवतं आण्णा," मावशी स्टुलावरून म्हणाल्या.

मी त्यांच्याकडे बघितलं. गप्प बसा, असं डोळ्यांनी जेवढं सांगता येतं तेवढं सांगितलं.

"देवी निजल्यात. त्यांच्या उशाला बसून खोटं न्हाय बोलू देणार म्या. तुमालाबी न्हाय, ताई." आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. मखमल कुठून आणली तिथपासून शेजाऱ्याच्या नंबरापर्यंत. एकदाही थांबल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, "तवा माजीच चूक हाय. मला शिवायला बसवा. पर मशिन चांगली हाय, तिला नका पाठवू."

आण्णांचा चेहरा लाल होत गेला. मी मनातल्या मनात प्रिंटरची वायर गुंडाळायला लागले.

"देवी हितं निजलीया?" आण्णा म्हणाले.

"व्हय."

"किती दिस झालं?"

"अष्टमीपासनं."

"आन् तुमी मला रोज चपला घालून आत येऊ दिलं?"

एवढं ओरडून ते बाहेर गेले. चपला काढल्याचा आवाज आला. अनवाणी परत आले, गादीपुढं हात जोडले आणि आवाज खाली आणून, म्हणजे बाकीचे लोक बोलतात तेवढ्यावर आणून, त्यांनी विचारलं, "ह्या ताईनं जागं तर केलं न्हाय?"

"गादीसकट उचललं आण्णा. झोप मोडली न्हाय."

आण्णांनी सुस्कारा सोडला. गाडी परत आली त्या दिवशी ते इतके घाबरले नव्हते. प्रिंटरचा विषय त्यांना त्यानंतर सुचला, आणि तोही माझ्याकडे बघून. "तुमी म्हणता ते खरं कशावरनं?"

मी पुन्हा लेबलं काढून दाखवली. देवी असताना, देवी नसताना. आण्णांनी रीडर स्वतःच्या हातात घेतला. आपल्या हातानं वाचलेल्या नंबरावर त्यांचा विश्वास बसला. मग प्रश्न उरला, की देवीनं निजायचं कुठं. कपाट पत्र्याचं, त्यात औषधं. खिडकीत ऊन. आण्णा म्हणाले, माझ्या गाडीत ठेवू, एसी आहे. मावशींनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. शेवटी प्रिंटरच्या समोरच्या भिंतीला एक जुनी लाकडी फळी होती, तिच्यावर जाड पुठ्ठ्याची पेटी आडवी करून तिच्यात गादी ठेवली. मी प्रिंटर चालवून बघितला. मग पेटी हातभर जवळ आणून बघितला, मग लांब नेऊन. देवी कुठवर आली तर चालते, हे मी त्या दिवशी मोजलं. असलं मोजमाप प्रिंटरच्या कंपनीच्या पुस्तकात नाही, आणि कळवलं तरी ते छापतील असं वाटत नाही.

प्रिंटर न्यायला आलेल्या टेम्पोत दुपारपर्यंत पिशव्या भरल्या गेल्या. लेबलं मावशींनी काढली, मी प्रत्येक वाचली. टेम्पो गेला. आण्णा खुर्ची घेऊन दारात बसले, अनवाणी. मावशींनी चहा केला, तो निवला. ही गाडी दारातून परत आली असती तर देवीची शपथसुद्धा मावशींना त्या खोलीत ठेवू शकली नसती, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. मी रोलचा रिकामा पुठ्ठा हातात घेऊन त्याच्या कडा सोलत बसले.

फोन वाजला. आण्णा उठून उभं राहून बोलले. "व्हय. व्हय. सगळ्या? बरं." फोन खिशात ठेवला आणि मावशींकडे न बघता म्हणाले, "शिवायला दुसरं माणूस बगावं लागंल." मग चपला शोधायला लागले. चपला त्यांनी स्वतःच काढून ठेवल्या होत्या, पण ती सवय नसल्यानं कुठं ते आठवत नव्हतं.

मावशींनी तोंडाला पदर लावला. त्या हसत होत्या की रडत होत्या, हे पदरामुळे कळलं नाही.

पौषात मला वाशीहून फोन आला. "ताई, परवा देवी निजायच्यात. जागा दावायला या." असा फोन माझ्या धंद्यात दुसऱ्या कुणाला आला असेल असं मला वाटत नाही. मी रीडर घेतला आणि गेले. येते आहे असं कळवून गेले.

मधल्या काळात आण्णांनी त्या फळीवर सागवानी देव्हारा करून घेतला होता, सांधे लाकडाचे, आत एक खिळा नाही. दारावरची पाटी मोठी केली होती आणि तिच्याखाली आणखी एक ओळ घातली होती, 'निद्रेच्या दिवसांत हळू बोलणे'. मी देव्हाऱ्याच्या जागेवरून प्रिंटर तपासला, लेबलं काढली, वाचली. सगळी जुळली. मग मावशींनी गादी अंथरली, देवीला निजवलं, खणाचा तुकडा पांघरला.

आण्णा हात जोडून उभे होते. "आता कुनी मोठ्यानं बोलायचं न्हाय," ते कुजबुजले. आणि त्यांच्या खिशातला फोन वाजला. त्यांच्या आवाजाच्या मापानं लावलेला, ढोलताशासकट देवीची आरती. आण्णांनी तो काढायला खिशात हात घातला, तो कुडत्यात अडकला. आरतीचं एक कडवं संपून दुसरं सुरू झालं.

मावशी हसल्या. पदर लावायला हातही वर नेला नाही. तोंड उघडं टाकून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर, टेबलाला धरून हसल्या. मी सवयीनं खोकल्याची वाट बघत उभी राहिले. तो आला नाही.